रेड बॅरनची खोली

मॅनफ्रेड फॉन रिख्तहोफेन यांचा जन्म २ मे १८९२ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहराजवळ झाला. वयाच्या ११ व्या वर्षी ते कॅडेट शाळेत दाखल झाले. तिथली शिस्त त्यांना जाचक वाटे. मन रमे ते कसरतीत. एकदा चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढून त्यांनी टोकाला रुमाल बांधला. पराक्रमाची खूण ठेवण्याची ही हौस पुढेही टिकली.

पहिल्या महायुद्धात ते घोडदळातून विमानदलात आले. १७ सप्टेंबर १९१६ रोजी त्यांनी पहिले ब्रिटिश विमान पाडले आणि तारीख कोरलेला चांदीचा छोटा पेला बर्लिनहून करवून घेतला. पुढे प्रत्येक विजयाला एक पेला. ६० पेल्यांनंतर चांदी मिळेना, म्हणून तो क्रम थांबला. विजय मात्र ८० झाले. लाल रंगाच्या विमानामुळे जग त्यांना रेड बॅरन म्हणू लागले.

श्वाइडनित्स येथील घरातली त्यांची खोली म्हणजे संग्रहालयच होते. पाडलेल्या विमानांच्या कापडावरचे क्रमांक कापून भिंतींवर लावले होते. विमानाच्या इंजिनाला दिवे बसवून झुंबर केले होते. मेजर लॅनो हॉकर यांच्या विमानाची मशीनगनही त्यांनी जपून ठेवली होती. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी हॉकर २३ नोव्हेंबर १९१६ रोजी त्यांच्याशी झुंजताना पडले. बंदूक राहिली, हॉकर यांच्या कबरीचा ठावठिकाणा मात्र उरला नाही.

६ जुलै १९१७ रोजी रिख्तहोफेन यांच्या डोक्याला गोळी लागली. त्यानंतर प्रत्येक झुंजीनंतर त्यांचे मन खिन्न होऊ लागले. तरीही ते उडत राहिले.

२१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये सॉम नदीजवळ एका गोळीने त्यांचा अंत झाला. वय अवघे २५. सैनिकांनी आठवण म्हणून त्यांच्या विमानाचे कापड फाडून नेले, सुटे भाग काढून नेले. ज्यांनी शत्रूच्या विमानांचे तुकडे जमवले, त्यांच्याच विमानाचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी मात्र शत्रूपक्षातील ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी त्यांना पूर्ण लष्करी मानवंदनेसह दफन केले.

१९३३ मध्ये आईने त्या घरात संग्रहालय उघडले. १९४५ मध्ये युद्ध दाराशी आले, आईला घर सोडावे लागले आणि संग्रह नाहीसा झाला. त्यांच्या अखेरच्या विमानाचे इंजिन आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे, तर नियंत्रण दांडा कॅनबेरात.

कॅडेट मित्रांनो, संग्रहालयात जुन्या विमानाचा भाग पाहाल, तेव्हा ते कोणी पाडले एवढेच वाचून पुढे जाऊ नका. ते कोण उडवत होते, हेही विचारा.