सोन्याच्या वर्खाचा चित्रकार : गुस्ताव्ह क्लिम्ट

मिठाईवरील चांदीचा वर्ख किंवा देवळाच्या कळसावरील सोन्याचा मुलामा आपण सारेच कौतुकाने पाहतो; परंतु तो चढविणाऱ्या कारागिराचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. चित्रकाराचे नाव मात्र चित्राबरोबर दूरवर जाते. कारागिरी आणि कला यांच्यामधील हे अंतर ज्याने आपल्या चित्रांत नाहीसे केले, त्या गुस्ताव्ह क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराचे चरित्र म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

गुस्ताव्हचा जन्म १४ जुलै १८६२ रोजी व्हिएन्ना शहराजवळील बाउमगार्टेन येथे झाला. त्याचे वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर होते. हाती कसब होते, पण पदरी सात मुले. त्यामुळे सोन्याचे काम करणाऱ्या त्या घरात दारिद्र्यच नांदत असे. १८७६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, गुस्ताव्ह व्हिएन्नाच्या कलाकौशल्य विद्यालयात दाखल झाला. भित्तिचित्रे, मोझाइक आणि इमारतींची सजावट यांचे शिक्षण त्याला तेथे मिळाले. पुढे धाकटा भाऊ एर्न्स्ट व सहाध्यायी फ्रान्झ माच यांच्यासमवेत तो नाट्यगृहांची छते रंगवू लागला. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमधील कामाबद्दल १८८८ साली बादशहा फ्रान्झ जोझेफ याने त्याला सुवर्णपदक देऊन गौरविले.

परंतु १८९२ साली वडील आणि एर्न्स्ट हे दोघेही त्याला सोडून गेले. दोन वर्षांनी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहासाठी चित्रे काढण्याचे मोठे सरकारी काम माच व क्लिम्ट यांच्याकडे आले. तत्त्वज्ञान, वैद्यक आणि न्याय हे विषय क्लिम्टच्या वाट्याला होते. ठराविक साच्याची चित्रे काढण्यास त्याचे मन आता तयार होईना. १८९७ साली जुन्या कलासंस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी नवी संस्था काढली, तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. १९०० साली त्याचे ‘तत्त्वज्ञान’ हे चित्र लोकांपुढे येताच ८७ प्राध्यापकांनी त्याविरुद्ध निवेदन दिले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच चित्राला सुवर्णपदक मिळाले! तरीही घरचा विरोध शमला नाही. अखेर १९०५ साली क्लिम्टने घेतलेले पैसे परत केले, चित्रे स्वतःकडे ठेवली आणि पुन्हा सरकारी काम स्वीकारले नाही. गरिबीत वाढलेल्या माणसाने हाती आलेली रक्कम परत करावी, ही गोष्ट लहान नव्हे.

याच वादळात त्याला आपली वाट सापडत होती. १९०३ साली तो इटलीतील राव्हेन्ना येथे गेला. तेथील सहाव्या शतकातील चर्चमध्ये भिंतीच्या भिंती सोनेरी मोझाइकने झळकताना त्याने पाहिल्या. सोन्याचा वापर त्याने त्याआधीच आरंभिला होता. आता तो त्याच्या चित्रांचा प्राण बनला. सोने ठोकून ठोकून त्याचा पातळ वर्ख करतात. तो इतका हलका असतो की फुंकरीनेही उडतो. मऊ केसांच्या कुंचल्याने तो अलगद उचलून चिकट लेपावर बसवावा लागतो. हात जरा चळला की वर्ख दुमडतो व वाया जातो. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने बहरलेल्या चित्रांतही कारागीर उठावाच्या नक्षीवर असाच सोन्याचा वर्ख चढवीत.

१९०७ साली पुऱ्या झालेल्या आडेले ब्लॉख-बाउअर या स्त्रीच्या चित्रात चेहरा व हात तैलरंगांत आहेत. वस्त्र आणि पार्श्वभूमी मात्र सोन्यारुप्याने मढलेली आहेत. तिच्या नावाची आद्याक्षरेही त्या नक्षीत उठावाने गुंफलेली आहेत. त्यानंतरचे ‘चुंबन’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. ज्या सरकारशी त्याचे बिनसले होते, त्याच सरकारने ते १९०८ साली विकत घेतले. आजही ते व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात आहे.

६ फेब्रुवारी १९१८ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, क्लिम्टचा मृत्यू झाला. त्याच्या चित्रांचे भोग मात्र संपले नव्हते. विद्यापीठासाठी काढलेली ती तिन्ही चित्रे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, इमेनडॉर्फच्या किल्ल्याला लागलेल्या आगीत नष्ट झाली. आडेलेचे चित्र नाझींनी तिच्या ज्यू कुटुंबाकडून हिरावून घेतले होते. ते २००६ साली वारसांना परत मिळाले आणि आता न्यूयॉर्क येथे आहे.

बापाने आयुष्यभर सोने कोरले; त्याचे नाव त्याच्या गल्लीबाहेर गेले नाही. मुलाने तेच सोने चित्रफलकावर आणले आणि हातच्या कसबाला कलेच्या पंक्तीत बसविले. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या सोनेरी नक्षीवर तुमची नजर खिळेल, तेव्हा ती घडविणाऱ्या हाताचे नाव विचारावयास विसरू नका.