बेघरांचे गाडगेबाबा



२३ फेब्रुवारीला संत गाडगेबाबांची जयंती असते. म्हणून गुरुजींनी मला या भित्तिपत्रकात त्यांच्याविषयी लिहायला सांगितले. सगळे जण बाबांच्या खराट्यावर लिहितात. मी त्यांच्या धर्मशाळांवर लिहिणार आहे. का, ते शेवटी सांगतो.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. घर गरीब परिटाचे होते. आईचे नाव सखुबाई. वडिलांना दारूचे व्यसन लागले. दारूपायी होते नव्हते ते गेले आणि शेवटी वडीलही गेले. तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या तिसरीतल्या पोरांएवढा. सखुबाई त्याला घेऊन आपल्या माहेरी, दापुरे गावाला गेली. आपलं घर जाणं म्हणजे काय, हे डेबूला लहानपणीच कळलं.

मामाकडे डेबू गुरे राखायचा. मोठा झाल्यावर तो शेतात लई राबायचा. शाळेत जायला त्याला मिळालेच नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे कुंताबाईंशी लग्न झाले, मुले झाली. पण कर्जापायी मामाची जमीन सावकाराकडे गेली. गरिबाला वाचता येत नाही म्हणून तो फसतो, हे डेबूजींनी डोळ्यांनी पाहिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. त्यांना सगळ्यांसाठी काम करायचे होते. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि एक मातीचे फुटके गाडगे, एवढेच त्यांच्याजवळ होते. त्याच गाडग्यात ते भाकरी खायचे, पाणी प्यायचे, आणि चालताना तेच डोक्यावर घालायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असायची.

मित्रांनो, तुम्ही डोळे मिटून असा माणूस समोर आणा. आपण त्याला घरात घेतलं असतं का? तेव्हाच्या लोकांनीही घेतलं नाही. कोणाला ते वेडे वाटायचे, कोणाला चोर वाटायचे. एकटा माणूस, बरोबर बायको नाही, पोरं नाहीत, सामान नाही, मग लोकांना संशय येतो. बाबा झाडाखाली नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपायचे. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे. मग भाकरी मागायचे. काम केल्याशिवाय ते खात नसत. रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, असे ते साध्या वऱ्हाडी बोलीत समजावून सांगायचे. प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तरे काढून घ्यायचे.

त्यांचे कीर्तन ऐकून श्रीमंत लोक देणग्या देऊ लागले. बाबांनी त्या पैशाचे काय केले? पूर्णा नदीवर ऋणमोचन येथे घाट बांधला. आणि मग धर्मशाळा बांधायला सुरुवात केली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. यात्रेला येणारा गरीब माणूस पैसे नसले तर वाळवंटात नाहीतर रस्त्याच्या कडेला झोपायचा. पाऊस आला की तसाच भिजायचा. बाबा स्वतः उघड्यावर राहिलेले होते. त्यांना हे कोणी सांगायला लागले नाही.

पंढरपूरची एक गोष्ट मला फार लागली. पंढरपूरला सगळे जायचे, पण दलित वारकऱ्यांना दुसऱ्या धर्मशाळांत जागा मिळत नव्हती. देवाच्या गावात येऊन ते बाहेर राहायचे. म्हणून बाबांनी त्यांच्यासाठी संत चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

मुंबईला मोठ्या दवाखान्यात खेड्यातून रोगी येतात. त्यांच्याबरोबरची माणसे पूर्वी फुटपाथवर झोपायची. त्यांच्यासाठी बाबांनी जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभी केली. दादरलाही बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा इस्पितळात कॅन्सरवर इलाज घेणारे रोगी आणि त्यांची माणसे राहतात.

एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण बाबांनी स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला जाताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, त्यांचा प्राण गेला. तेही घरात नाही, वाटेतच. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तिथल्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या नावाचे विद्यापीठ!

आता मी शेवटी सांगणार होतो ते सांगतो.

आमच्या वर्गात बाबांच्या दहा कामांचा तक्ता आहे. त्यात बेघरांना आसरा द्यावा, असे एक काम आहे. मी ते रोज वाचायचो. पण बेघर कोण, ते मला माहीत नव्हते. गेल्या श्रावणात संध्याकाळी एक माणूस शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. दाढी वाढलेली, खांद्यावर पोतं, अंग सगळं भिजलेलं. आम्ही पोरं वेडा वेडा म्हणून ओरडलो. मीपण ओरडलो. एक खडाही मारला. मोठी माणसे आली. एकटा माणूस आहे, कोण कुठला, असे म्हणून त्यांनी त्याला जायला सांगितले. तो काही बोलला नाही. पोतं उचललं आणि पावसात फाट्याकडे गेला.

डिसेंबरमध्ये पुण्यतिथीला गुरुजींनी गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. तेव्हा मला एकदम तो माणूस आठवला. मी घरी जाऊन वडिलांना सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, की लग्नाआधी ते शहरात कामाला गेले होते तेव्हा एकट्या माणसाला कोणी खोली देईना. घरवाले म्हणायचे, कुटुंब असेल तर या. ते दहा-बारा दिवस यस्टी स्टँडवर झोपले होते. हे त्यांनी आईलाही सांगितले नव्हते. भित्तिपत्रकात लिहू का, असे मी विचारले. ते लिही म्हणाले.

गुरुजींनी सांगितले, की शहरांत आता रात्रनिवारे असतात. एक लाख लोकवस्तीमागे एक तरी निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सरकारला सांगितले. तिथे एकट्या माणसालाही झोपायला जागा मिळते. पण आपल्या गावात निवारा नाही. आपल्या गावात फक्त शाळेचा व्हरांडा आणि मारुतीचा ओटा आहे.

तो माणूस पुन्हा आला नाही. मी फाट्यावर दोनदा बघून आलो. आमच्या वर्गाने ठरवले आहे, की आता असा कोणी आला तर ओरडायचे नाही. आधी गुरुजींना नाहीतर घरी सांगायचे, आणि त्याला भाकरी-पाणी द्यायचे. मोठ्या माणसांनी त्याला रातभर ओट्यावर झोपू द्यावे, एवढी माझी विनंती आहे. तो ओटा आम्ही पोरं शनिवारी झाडतो.

असे हे आपले गाडगेबाबा. त्यांना माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा