कै. दादासाहेब खापर्डे व राजकीय खटले

राजकीय खटल्यात न्यायाधीशाने काय निकाल दिला याची चर्चा घरोघर होते. परंतु तो खटला मुळात उभा राहावा की नाही हे कोणी ठरविले, याची विचारपूस क्वचितच होते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात याच कामाकरिता ग्रँड ज्यूरी नावाची संस्था होती. परगण्यातील प्रतिष्ठित गृहस्थांपैकी फार तर २३ असामी फिर्यादी पक्षाचा पुरावा आधी पाहत, आणि निदान १२ जणांस तो सकृद्दर्शनी पुरेसा वाटल्याखेरीज आरोपीस मुख्य चौकशीस तोंड द्यावे लागत नसे. मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांपुरती ही संस्था हिंदुस्थानातही होती. १८६५ च्या कायद्याने ती बंद झाली. पुढे पाचच वर्षांनी, १८७० साली, राजद्रोहाचे १२४ अ हे कलम पिनल कोडात घातले गेले. या राजद्रोहाची फिर्याद सरकारच्या मंजुरीवाचून चालत नसे. म्हणजे ज्याचा रोष, त्याचीच फिर्याद व त्याचीच मंजुरी! या व्यवस्थेची फळे ज्या वऱ्हाडी गृहस्थांनी अगदी जवळून पाहिली, ते अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे होत.

दादासाहेबांचा जन्म १८५४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८७७ साली बी. ए. झाले, आणि १८८४ साली त्यांनी एल्एल्. बी. ची पदवी मिळविली. काही वर्षे मुन्सफ वगैरे सरकारी हुद्द्यांवर काढून १८९० च्या सुमारास त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. वकिली उत्तम चालली. राहणी इतकी थाटाची की लोक त्यांस वऱ्हाडचे नवाब म्हणत. अशा मनुष्याने सरकारची मर्जी सांभाळून सुखाने आयुष्य घालविले असते, तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु लोकमान्य टिळकांचा स्नेह त्यांनी पत्करला, आणि त्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्याही.

१८९७ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन व तीन हिंदी असामी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोषी. विलायतेत त्या काळी ज्यूरीचे एकमत झाल्याखेरीज कोणास शिक्षा होत नसे. येथे मात्र नवांपैकी सहांचे मत पुरे होत असल्यामुळे टिळकांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष सर शंकरन् नायर होते, स्वागताध्यक्ष दादासाहेब होते, आणि त्यांचे मित्र तुरुंगात होते.

यानंतर ताईमहाराज प्रकरण उद्भवले. पुण्याचे सरदार बाबामहाराज यांच्या मृत्युपत्रान्वये टिळकांप्रमाणे दादासाहेबही विश्वस्त होते, आणि १९०१ साली औरंगाबादेस दत्तविधान झाले तेव्हा ते तेथे हजर होते. वाद वस्तुतः दिवाणी स्वरूपाचा. परंतु त्यातून खोट्या शपथेची फौजदारी उभी करण्यात आली व १९०३ साली टिळकांस शिक्षा झाली. १९०४ साली हायकोर्टाने ती रद्द केली, आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने दत्तकही कायम केला. सत्य अखेर सिद्ध झाले, पण त्यापायी १४ वर्षे गेली. राजकीय फिर्यादीत आरोपी सुटला तरी शिक्षा चुकत नाही, ती ही अशी. वेळ, पैसा व मनःस्वास्थ्य ही तिन्ही आधीच वसूल झालेली असतात.

१९०८ च्या जुलैत दुसरा खटला झाला. या वेळी खास ज्यूरी बोलाविण्यात आली, तीत सात युरोपियन व दोन पारशी होते. मराठी लेखांचा निवाडा मराठी न जाणणाऱ्यांच्या बहुमताने झाला, आणि टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला संपल्यावर महिना लोटण्यापूर्वीच दादासाहेब चालती वकिली सोडून विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागण्याची सर्व खटपट त्यांनी केली. अपिलाची परवानगी मिळाली नाही. दोन वर्षांनी, १९१० साली, परतताना ते ब्रह्मदेशात उतरले व मंडालेच्या तुरुंगात मित्रास भेटून मग अमरावतीस आले.

१९१९ साली रौलट बिल आले तेव्हा दादासाहेब वरिष्ठ कायदेमंडळात होते. त्या बिलात ज्यूरीस स्थान नव्हते आणि अपिलासही नव्हते. जो अल्पस्वल्प आडोसा होता, तोही काढून घेण्यात येत होता. इतर लोकनियुक्त हिंदी सभासदांबरोबर दादासाहेबांनीही बिलास विरोध केला. बिल सरकारी मतांनी मंजूर झाले. पुढे असहकारितेच्या प्रश्नावर काँग्रेसशी त्यांचे पटले नाही. १९३८ साली ते निवर्तले.

या चरित्रात यश थोडे व अपयश पुष्कळ, असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्याचा बोध निराळा आहे. नुसती ज्यूरी असून भागत नाही. ती कोणी निवडली हे पाहावे लागते. अमेरिकेत ग्रँड ज्यूरी अद्याप आहे. परंतु तेथेही ती बंद दाराआड बहुधा सरकारी वकिलाचीच बाजू ऐकते, म्हणून तिच्यावर आक्षेप आहेतच. मुख्य गोष्ट ही की, फिर्यादीची पहिली पारख फिर्यादीहून वेगळ्या हाताने व्हावी. दावा सांगणाऱ्यानेच वही तपासून बाकी कायम करावी, हा व्यवहार अमरावती-अकोल्याच्या कापूसबाजारातील कोणताही अडत्या मान्य करणार नाही. मग मनुष्याच्या स्वातंत्र्याच्या बाबतीत आपण तो का मान्य करावा?

इंग्रज गेले, परंतु १२४ अ राहिले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत राजद्रोह हा शब्द नाही. मात्र देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य यांच्या नावाने १५२ वे कलम आहे, आणि त्याखालील खटल्यास मंजुरी देणारे पूर्वीप्रमाणेच सरकार आहे. सरकार आज आपले आहे, हे खरे. पण आपल्या माणसाच्या हातीदेखील वही व दावा एकत्र देऊ नये, हा शहाणपणा आहे. अशी मंजुरी कारणे नमूद करून द्यावी, आणि तीपूर्वी स्वतंत्र न्यायाधिकाऱ्याने पुरावा तपासावा, अशी तजवीज कायद्यात झाली पाहिजे. ती मागण्याचे काम एकट्या वकिलांचे नव्हे; ज्यास आपले मत निर्भयपणे बोलावयाचे आहे, त्या प्रत्येक नागरिकाचे आहे.