सूचीपत्राचे मासिक करणारे शंकरराव

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात घरून साड्या वा फराळ विकणाऱ्या मराठी कुटुंबापुढे आज जो प्रश्न आहे, तोच शंभर वर्षांपूर्वी किर्लोस्करवाडीपुढे होता. दूरच्या ग्राहकाकडे मालाची माहिती परवडेल अशा खर्चात कशी धाडावी, आणि ती न वाचता फेकली जाऊ नये यासाठी काय करावे? शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी आपल्या परीने त्याचे उत्तर शोधले.

१८९१ साली जन्मलेल्या शंकररावांनी लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुढे ते काका लक्ष्मणरावांच्या कारखान्यात जाहिरातीचे काम पाहू लागले. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशा समजुतीशी या कारखान्याला प्रारंभीच झुंजावे लागले होते. नुसते दरपत्रक धाडून असा ग्राहक वळणारा नव्हता. त्याचा विश्वास कमवावा लागणार होता.

१९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखाना, विक्रेते आणि ग्राहक यांना जोडणारे हे पत्र वाचनीय मजकुरामुळे पुढे ‘किर्लोस्कर’ या मान्यवर मासिकात रूपांतरित झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. १९७५ मध्ये शंकरराव निवर्तले.

टपालाचा दर विक्रेत्याच्या हाती नसतो. पाकिटात काय घालावे, हे मात्र असते. ग्राहकाला उपयोगी पडणारे एकच पान धाडले, तरी तो खर्च वाया जात नाही.