विषाणूला ‘माणसाळवणारा’ शास्त्रज्ञ : मॅक्स थायलर

आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या पट्ट्यात जाणाऱ्या प्रत्येक भारतीय प्रवाशाला पासपोर्टसोबत आणखी एक कागद जपावा लागतो. तो म्हणजे पीतज्वर अर्थात ‘यलो फीवर’ प्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला. भारतात या रोगाचा शिरकाव आजवर झालेला नाही. मात्र तो पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्या शहरांतील पाण्याच्या पिंपांत आणि फुलझाडांच्या कुंड्यांखालच्या बशांत सुखेनैव नांदतो आहे. म्हणूनच या दाखल्याबाबत इतकी कडक शिस्त पाळली जाते. त्यासाठी टोचल्या जाणाऱ्या लसीचा इतिहास मॅक्स थायलर या अबोल संशोधकाशी आणि विषाणूच्या एका अनाकलनीय बदलाशी जोडलेला आहे.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. त्यांचे वडील सर अर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. जनावरांच्या रोगांवरील संशोधनाने त्यांनी मोठे नाव मिळवले होते. मुलाने मात्र माणसांच्या वैद्यकाची वाट धरली. केपटाऊन येथील शिक्षणानंतर ते लंडनला गेले. तेथे वैद्यकीय व्यवसायाची पात्रता आणि उष्ण कटिबंधातील रोगांविषयीची पदविका त्यांनी मिळवली. वैद्यकशास्त्राची रीतसर पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेची ओढ अधिक असल्याने १९२२ साली त्यांनी अमेरिका गाठली आणि हार्वर्ड विद्यापीठात ते रुजू झाले.

त्या काळात पीतज्वराच्या कारणाविषयीच शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. हिदेयो नोगुची या ख्यातनाम जपानी संशोधकाने एका जिवाणूकडे बोट दाखवले होते. थायलर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी सेलार्ड्स यांनी १९२६ साली दाखवून दिले, की हा जिवाणू कावीळ आणणाऱ्या ‘वाइल्स डिसीज’ या वेगळ्याच रोगाचा आहे. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या एका रुग्णाच्या रक्तातून खरा गुन्हेगार हाती लागला. तो होता विषाणू. ज्या माकडांत तो वाढवता आला ती लाल तोंडाची माकडे भारतातून नेलेली होती, ही आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली बाब आहे.

या शोधाची किंमत मोठी होती. एड्रियन स्टोक्स १९२७ साली लागोस येथे पीतज्वराने दगावले. १९२८ च्या मे महिन्यात आक्रा येथे नोगुची आणि त्यांच्या पाठोपाठ विल्यम यंग यांचा बळी गेला. १९२९ साली ब्राझीलमध्ये पॉल लुईस मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत काम करताना स्वतः थायलर यांनाही या रोगाने गाठले. सुदैवाने ते बचावले आणि रोगप्रतिकारक्षम झाले.

माकडे महाग आणि सांभाळायला अवघड होती. थायलर यांनी साध्या पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचून पाहिला. उंदरांना मेंदूदाह होऊन ते मेले. पण यकृत वा मूत्रपिंड यांना इजा झाली नाही. एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा प्रवास वारंवार घडवल्यावर विषाणूचा स्वभावच पालटत असल्याचे त्यांना दिसले. माकडाच्या यकृताला तो सौम्य ठरू लागला, तर मेंदूला अधिकाधिक घातक. विषाणूचे गुणधर्म कायमचे ठरलेले नसून तो ज्या पेशींत वाढतो, त्यानुसार बदलू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. थायलर यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया हाच होता.

१९३० साली ते न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. उंदराच्या मेंदूतून काढलेला विषाणू सोबत रोगमुक्त माणसाचे रक्तद्रव्य टोचून संशोधकांना देता येऊ लागला आणि प्रयोगशाळांतील मृत्युसत्र थांबले. मात्र लाखो लोकांसाठी इतके रक्तद्रव्य आणायचे कोठून? शिवाय मेंदूला चटावलेला विषाणू निरोगी माणसाला टोचणे धोक्याचेच होते. फ्रेंच आफ्रिकेत अशा विषाणूची लस पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. परंतु काही मुलांना मेंदूदाह झाल्याने ती अखेरीस मागे पडली.

थायलर यांनी दुसरा मार्ग निवडला. असिबीच्या रक्तातून मिळालेला मूळ विषाणू त्यांनी काचपात्रात वाढवला. प्रथम उंदराच्या भ्रूणाच्या पेशींत, नंतर कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत. या शेवटच्या मालिकेचे नाव होते ‘१७-डी’. तिच्या ८९ व्या आणि ११४ व्या पिढीच्या दरम्यान केव्हातरी विषाणूचा दंश बोथट झाला. माकडाच्या थेट मेंदूत टोचूनही तो प्राणघातक ठरेना. प्रतिकारशक्ती मात्र पूर्वीइतकीच निर्माण करी. हा बदल नेमका कशामुळे घडला, हे कोणालाच सांगता आले नाही. तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तरी तसा बदल पुन्हा घडवता आला नाही.

सहकारी ह्यू स्मिथ यांच्यासह थायलर यांनी १९३७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लसीकरण सुरू झाले. १९४० ते १९४७ या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानने दोन कोटी ८० लाखांहून अधिक मात्रा तयार केल्या. या लसीचा आणखी एक गुण १९३९ साली उजेडात आला. १७-डी विषाणू एडिस इजिप्ती डासाला पुढे पसरवता येत नाही. लस घेतलेल्या माणसाला डास चावला, तरी लसीतील विषाणू गावभर पसरण्याची भीती उरली नाही.

तथापि, जो विषाणू एकदा बदलला, तो पुन्हा बदलणार नाही याची हमी काय? १९४१ साली ब्राझीलमध्ये लस टोचलेल्यांपैकी काहींना मेंदूदाह झाला. लसीसाठी वाढवलेल्या विषाणूच्या एका उपशाखेचे गुणधर्म पिढ्यांगणिक बिघडले असल्याचे तपासात आढळले. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला, आजचे उद्याच्या दुधाला असे लावत गेल्यास चव पालटत जाते, तसाच हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून मूळ ‘बियाणे’ गोठवून जपण्याची आणि दर वेळी त्यातूनच लस बनवण्याची पद्धत रूढ झाली. ही शिस्त पुढे इतर लसींनाही लागू झाली. १९४२ साली आणखी एक आघात झाला. लस टिकवण्यासाठी वापरलेल्या मानवी रक्तद्रव्यातून हजारो अमेरिकी सैनिकांना कावीळ झाली. ती ‘हेपॅटायटिस बी’ होती. त्यानंतर लसीतून रक्तद्रव्य वगळण्यात आले.

१९५१ साली थायलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानने कीटकांमार्फत पसरणाऱ्या इतर विषाणूंकडे मोर्चा वळवला. थायलर यांच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेशी जोडलेली केंद्रे जगभर उभी राहिली. त्यांपैकी एक १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने पुण्यात स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. पुढे थायलर येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या काचपात्रात काय घडले, याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. १९८५ साली चार्ल्स राइस आणि सहकाऱ्यांनी १७-डीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला. १९८७ साली मूळ असिबी विषाणूचाही आराखडा हाती आला. १०,८६२ अक्षरांच्या या आराखड्यात फरक होता अवघ्या ६८ अक्षरांचा आणि त्यामुळे बदललेल्या ३२ अमिनो आम्लांचा. एका जीवघेण्या रोगाच्या आणि त्यावरील लसीच्या मधले अंतर एवढेच.

निसर्गात हाच खेळ उलट दिशेनेही चालतो. २००५-०६ साली रियुनियन बेटावर चिकुनगुनियाच्या विषाणूच्या बाह्य आवरणातील एका प्रथिनात, २२६ व्या स्थानी, एकच अमिनो आम्ल बदलले. तेवढ्यानेच तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात सहज वाढू लागला. २००७ साली केरळातही हाच बदल आढळला. थायलर यांना एक अनुकूल बदल लाभला आणि तो त्यांनी व त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी गोठवून जपला. डासांच्या पोटात मात्र असे बदल अहोरात्र घडत असतात आणि त्यांना गोठवणारे कोणी नाही. त्यांच्यावर सतत पाळत ठेवणाऱ्या प्रयोगशाळा आणि साचलेले पाणी वेळीच उपसणारे नागरिक, एवढीच आपली ढाल आहे.