नानाभॉय मूस : मुंबईची चुंबकसुई ट्रामपासून वाचवणारा माणूस

कल्याण-डोंबिवलीहून रोज विजेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या अनेकांना ठाऊक नसेल, पण विजेवरच्याच गाडीपायी, म्हणजे ट्रामपायी, मुंबईतली चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला गेली. ती हलवली नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी.

पारशी कुटुंबातल्या मूस यांचा जन्म १८५९चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या स्फोटाने उठलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाबा वेधशाळेने टिपलं होतं. एडिनबरोत शिकून आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे संचालक झाले.

कुलाब्यात १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग शहरात विजेच्या ट्रामचे बेत सुरू झाले. ट्रामची वीज रुळांतून परतताना थोडी जमिनीत झिरपते आणि तिचं चुंबकत्व नाजूक सुईला हलवतं. सूर्याने हलवली की ट्रामने, हे मग कोण सांगणार?

नुसती यंत्रं उचलून नेली असती, तर साठ वर्षांची साखळी तुटली असती. मूस यांनी अलिबागला लोखंड टाळून इमारत उभारली. १९०४पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे जोडता येतील. खरी हुशारी इथे होती. १९०६ मध्ये कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. १९०७ मध्ये ट्राम धावली.

१८४६ ते १९०५च्या नोंदींचं विश्लेषण त्यांनी १९१०मध्ये दोन खंडांत छापलं. १९३६ मध्ये ते वारले. अलिबागची सुई अजून नोंदी करते आहे.