पाहून शिकलेला चित्रकार

आमच्या आजोळी देवघराच्या भिंतीवर लक्ष्मीचे एक चित्र होते. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, आणि साडीच्या काठावर कुणीतरी हौसेने चिकटवलेली खरी जर नि टिकल्या. ते चित्र कोणी काढले असेल, हा प्रश्न लहानपणी मला कधी पडलाच नाही. लक्ष्मी अशीच दिसते, एवढेच ठाऊक होते. चित्रकला शिकायला आल्यावर समजले, की घरोघरच्या त्या चेहऱ्याला एक कर्ता आहे आणि त्याचे नाव राजा रविवर्मा.

यंदाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी मी त्यांच्या १८९९ सालच्या 'हंस-दमयंती'ची प्रतिकृती करायला घेतली, तीही ॲक्रिलिक रंगांत. कारण अगदी साधे होते. तैलरंग परवडत नाहीत, आणि वसतिगृहाच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास माझ्या मैत्रिणीला सोसत नाही. ॲक्रिलिक पाण्यात कालवता येते. पण पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. गालावरची सावली उजेडात मिसळून घ्यायच्या आत रंग सुकून बसला. दमयंतीच्या गालावर नकाशातल्यासारख्या हद्दी उमटल्या. जुनी शैली आणि नवा रंग यांचे जमायचे नाही, हे म्हणजे प्लास्टिकच्या पेल्यात तीर्थ देणे झाले, असा शेरा वर्गात मिळाला. तो मला लागला. रागारागाने ग्रंथालयात गेले आणि रविवर्मांचे चरित्र काढून वाचत बसले.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित, आई कवयित्री. पुराणांतल्या कथा घरातच कानावर पडत. मामा राजराजवर्मा तंजावर पद्धतीची चित्रे काढीत. भाच्याचा हात त्यांनी ओळखला आणि १८६२ साली, चौदाव्या वर्षी, त्याला तिरुवनंतपुरमला महाराजांच्या दरबारी नेले.

तैलरंग तेव्हा आपल्याकडे परका होता. जवसाच्या तेलात खललेला रंग सुकायला दिवसच्या दिवस घेतो, म्हणून छटा एकमेकींत मुरवता येतात. ही किमया जाणणारे दरबारचे चित्रकार रामस्वामी नायकर यांनी या मुलाला शिकवायचे नाकारले, असे सांगतात. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार दरबारात व्यक्तिचित्रे काढायला आले. त्यांनीही शिकवणी दिली नाही. काम चालू असताना बाजूला उभे राहून पाहण्याची मुभा मात्र मिळाली. तेवढ्यावर रविवर्मांनी भागवले. दिवसा पाहायचे आणि मग एकट्याने करून बघायचे, चुकायचे, खरवडायचे, पुन्हा करायचे. आम्हांला प्रात्यक्षिक दाखवणारे गुरुजन आहेत, तरी आम्ही कुरकुरतो!

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केशरचना करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि नाव झाले. १८८१ साली ते बडोद्यास गेले. पुढे सयाजीराव महाराजांनी रामायण, महाभारत व पुराणांतील चौदा चित्रे मागितली. आता प्रश्न पडला, की सीता किंवा दमयंती कोणत्या वेषात दाखवायची? तिला साऱ्या देशाने आपली म्हणायला हवे. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला, वस्त्रे पाहिली, दागिने पाहिले. शेवटी त्यांच्या कितीतरी नायिका आपल्या नऊवारीच्या वळणाची साडी नेसून उभ्या राहिल्या.

चित्रे राजवाड्यांत राहतात, सामान्य माणसाला दिसत नाहीत, म्हणून १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ, जर्मन यंत्रे, एकेका चित्रासाठी अनेक दगड आणि रंगागणिक वेगळा ठसा. प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुढे चित्रपटाचे जनक झालेले दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तेथे काम केले. व्यवहार मात्र जमला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थांना विकावा लागला. लक्ष्मी घरोघर पोहोचली, पण तिच्या चित्रकाराच्या घरी ती थांबली नाही.

१९०५ साली बंधू वारले. प्रवासात, कामात सावलीसारखा असलेला सोबती गेला. त्यानंतर २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरलाच रविवर्मांनी देह ठेवला. पुढच्या पिढीने, विशेषतः बंगालच्या चित्रकारांनी, परक्या रंगात आणि परक्या पद्धतीत आपले देव रंगवले, हा ठपका त्यांच्यावर ठेवला. मला मिळालेला शेरा त्याचाच धाकटा भाऊ होता. पण टीकेत तथ्यच नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या काही देवता नाटकातल्या पात्रांसारख्या उभ्या राहतात, हे आज डोळ्यांना जाणवते.

चरित्र मिटवून मी पुन्हा कॅनव्हाससमोर बसले. माझी चूक आता कळली. मी ॲक्रिलिककडून तेलाचे काम मागत होते. ते लवकर सुकते, हा त्याचा दोष धरून बसले होते. पण लवकर सुकते म्हणूनच एकावर एक थर लगेच चढवता येतात. मग रंगात माध्यम मिसळून काचेसारखे पातळ हात दिले. गालावर पंधरा-वीस तरी झाले असतील. सुकल्यावर रंग किंचित गडद होतो, म्हणून प्रत्येक छटा थोडी उजळ ठेवली. हद्दी हळूहळू विरल्या. पदराच्या चुण्या जमल्या, हाताची बोटे मात्र अजून लाकडीच आहेत. चित्राखाली मी मूळ चित्रकाराचे नाव आधी लिहिले, माझे नंतर.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. रविवर्मांनी जेन्सनचा रंग घेतला, जेन्सनचे विषय घेतले नाहीत. मी त्यांचा विषय घेतला, वेषही घेतला, आणि रंग तेवढा बदलला. त्यांच्याकडून खरे शिकायचे, तर पुढच्या वर्षी प्रतिकृती करून चालणार नाही. आजोळी मोठी मावशी अजून नऊवारी नेसते आणि तिन्हीसांजेला त्याच लक्ष्मीपुढे दिवा लावते. सुट्टीत रंगाच्या नळ्या घेऊन जाणार आहे. आधी नुसती बाजूला उभी राहून पाहीन म्हणते.